इमारतीतील विद्युत् वितरणाचे संगणकीय प्रतिमान

इमारतीला मिळणारी विद्युत् शक्ती रोहित्रापासून शेवटच्या दिव्यापर्यंत कोणत्या मार्गाने, किती प्रमाणात व कोणत्या संरक्षणाखाली पोहोचते, याचे संगणकावर तयार केलेले गणनक्षम वर्णन म्हणजे विद्युत् वितरणाचे संगणकीय प्रतिमान होय. नकाशा आणि प्रतिमान यांत मूलभूत फरक आहे. नकाशात दिवा हे एक चिन्ह असते व तार ही एक रेषा असते. त्या रेषेने दिवा फलकाला जोडला आहे, हे फक्त नकाशा वाचणाऱ्या माणसाला कळते. प्रतिमानात मात्र दिव्याचा विद्युत् दाब, शक्ती, शक्तिगुणक आणि तो कोणत्या मंडलावर आहे ही माहिती त्या दिव्याबरोबरच साठविलेली असते. त्यामुळे एका खोलीत एक वातानुकूलक वाढविल्यास त्याचा परिणाम मजल्याच्या वितरण फलकावर, मुख्य फलकावर आणि अखेर रोहित्रावर किती होईल, हे आज्ञावली स्वतः मोजून सांगू शकते. हे उत्तर कितपत विश्वसनीय आहे, हे मात्र आज्ञावलीपेक्षा तिला पुरविलेल्या गृहीतांवर अधिक अवलंबून असते. ही गृहीते चुकली, तर तारा तापून आग लागणे किंवा उपकरणाच्या धातूच्या आवरणाला हात लावणाऱ्या माणसाला प्राणघातक झटका बसणे, हे त्याचे परिणाम असतात.

इतिहास : विद्युत् जालाचे प्रतिमान ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. गुस्टाफ किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या नियमांवर आजही सर्व गणना आधारलेली आहे. मोठ्या जालांसाठी ही गणना हाताने करणे अशक्यप्राय असल्याने १९२९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जालविश्लेषक उभारण्यात आला. रोधके, प्रवर्तक वेटोळी व धारित्रे एकमेकांना जोडून केलेली खऱ्या जालाची ती लहान आकाराची विद्युतीय प्रतिकृती होती. प्रवाहाचे मूल्य त्यात मोजणीयंत्राने वाचावे लागे. १९५६ मध्ये वॉर्ड व हेल यांनी हीच गणना अंकीय संगणकावर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यानंतर जालविश्लेषक हळूहळू मागे पडले.

रेखाटनाचा प्रवाह वेगळ्या मार्गाने वाहत होता. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली तयार केली. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आली व थोड्याच वर्षांत आरेखन फलक व टी-पट्टी यांची जागा तिने घेतली. तथापि तिच्यातील रेषा ही रेषाच राहिली. इमारत रेषांनी न दर्शविता भिंत, दार, तुळई अशा घटकांच्या माहितीने दर्शवावी, हा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडला होता. तो व्यवहारात रुजण्यास पुढे पंचवीस वर्षे लागली. २००० मध्ये आलेली ‘रेव्हिट’ ही या प्रकारची एक प्रमुख आज्ञावली असून विद्युत्, नळकाम व वातानुकूलन यांसाठी तिची आवृत्ती २००६ मध्ये निघाली. निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून ठरविलेली ‘आयएफसी’ ही खुली मांडणी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. शक्तिप्रवाह व दोषप्रवाह यांचे विश्लेषण करणाऱ्या ‘ईटॅप’सारख्या आज्ञावली १९८६ पासून स्वतंत्रपणे वाढत गेल्या, तर ‘डायलक्स’सारख्या आज्ञावली प्रदीपनाच्या गणनेपुरत्या आहेत. एकच आज्ञावली ही सर्व कामे सारख्याच चांगल्या प्रकारे करीत नाही. बहुतेक अभिकल्प कचेऱ्यांत इमारतीच्या प्रतिमानातून भार व अंतरे घेऊन ती विश्लेषणाच्या आज्ञावलीत भरली जातात. मूळ प्रतिमानात नंतर झालेला बदल तेथे पोहोचत नाही, ही या पद्धतीतील नित्याची अडचण होय.

प्रतिमानाची रचना : वितरणाची रचना झाडासारखी असते. रोहित्र हे मूळ, मुख्य फलक हे खोड, मजल्यांचे वा सदनिकांचे फलक या फांद्या आणि दिवे, पंखे, जोडखोबणी ही पाने. प्रत्येक घटकाला एक जोडबिंदू असतो व त्यावर दाब, कलांची संख्या, भार आणि भाराचा वर्ग नोंदविलेला असतो. काही घटक निवडून त्यांचे मंडल बनवावयाचे आणि ते मंडल एखाद्या फलकाला जोडावयाचे, हे प्रतिमानकाराचे मुख्य काम. घटक भिंतीवर योग्य जागी बसविला परंतु मंडलात घेतला नाही, तर चित्रात तो दिसतो पण भारात धरला जात नाही. असे अनाथ घटक शोधून काढणे ही तपासणीची पहिली पायरी समजली जाते.

घटक फलकाला जोडला जाण्यासाठी दोहोंचा दाब जुळावा लागतो. येथे भारतीय अभियंत्यास एक जुनी अडचण भेटते. अनेक आज्ञावली अमेरिकेत तयार झाल्याने त्यांत १२०/२०८ वा २७७/४८० व्होल्ट या तेथील वितरण पद्धती आधीच भरलेल्या असतात. भारतात त्रिकला, म्हणजे थ्री फेज, पुरवठ्यात दोन कलांमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट आणि कला व न्यूट्रल यांमध्ये २३० ते २४० व्होल्ट दाब असतो, तर रोहित्राची निर्भार स्थितीतील पाटी ४३३ व्होल्ट दाखविते. ही पद्धती प्रकल्पाच्या आरंभीच स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. तसे न केल्यास घटक जोडलाच जात नाही. तो जोडला जावा म्हणून घटकाचा दाब बदलून टाकण्याची युक्ती काही ठिकाणी योजली जाते. ती धोक्याची आहे, कारण त्यानंतर प्रवाहाचे सर्व आकडे चुकतात आणि तरीही तक्ता नीटनेटका दिसतो. दाबाप्रमाणेच तारांच्या आकारमानाचे अंगभूत तक्तेही परदेशी मानकांचे असतात; ते बाजूला ठेवून भारतीय मानक आय.एस. ७३२ व राष्ट्रीय विद्युत् संहिता यांनुसार तक्ते भरणे इष्ट असते.

त्रिकला पुरवठ्यात सदनिका तीन कलांवर सारख्या विभागल्या जाव्यात अशी अपेक्षा असते व आज्ञावली ही विभागणी क्षणात करून देते. प्रत्यक्षात मात्र एखादी कला बंद पडली की वायरमन काही सदनिका दुसऱ्या कलेवर टाकतो आणि पुरवठा सुरळीत झाल्यावर त्या परत आणल्या जातातच असे नाही. न्यूट्रलच्या तारेतून वाहणारा प्रवाह प्रतिमानात शून्याजवळ आणि जागेवर बराच मोठा आढळतो, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण म्हणजे एल.ई.डी. दिवे व संगणक यांचे शक्तिपुरवठे. त्यांतून निर्माण होणारे तिसऱ्या पटीच्या कंप्रतेचे प्रवाह तिन्ही कलांमध्ये एकाच वेळी येत असल्याने न्यूट्रलमध्ये ते परस्परांना नाहीसे करीत नाहीत, तर त्यांची बेरीज होते. साध्या भारगणनेत ही बाब येत नाही. तीसाठी विश्लेषणाचा स्वतंत्र भाग वापरावा लागतो.

भार व मागणी गुणक : जोडलेला सर्व भार एकाच वेळी चालू नसतो. प्रत्यक्ष कमाल मागणी व जोडलेला भार यांच्या गुणोत्तरास मागणी गुणक म्हणतात व त्याचे मूल्य एकाहून अधिक असत नाही. निरनिराळ्या गटांच्या कमाल मागण्यांची बेरीज आणि संपूर्ण समूहाची कमाल मागणी यांच्या गुणोत्तरास विविधता गुणक म्हणतात. तो एक वा अधिक असतो. व्यवहारात हे दोन शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात व भागावयाच्या ठिकाणी गुणले जाते. आज्ञावली या बाबतीत कोणतीही सूचना देत नाही.

गुणकाचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका दहा मजली निवासी इमारतीत प्रत्येकी ८ किलोवॉट भाराच्या ४० सदनिका आहेत असे समजू. जोडलेला भार ३२० किलोवॉट झाला. मागणी गुणक ०.४ धरल्यास मागणी १२८ किलोवॉट येते आणि ४०० व्होल्ट दाब व ०.९ शक्तिगुणक यांनुसार मुख्य प्रवाह सुमारे २०५ अँपिअर होतो. २५० अँपिअरचा मुख्य खंडक त्यास पुरेसा ठरतो. हाच गुणक ०.६ धरल्यास प्रवाह सुमारे ३०८ अँपिअर होतो आणि तोच खंडक, त्यामागची केबल व मीटर फलकाच्या पट्ट्या अपुऱ्या पडतात. बाकीचे सारे प्रतिमान अणुमात्र न बदलता केवळ एका आकड्याने हे घडते. विशेष म्हणजे हा एकच आकडा आज्ञावलीला काढता येत नाही. तो त्या वस्तीतील लोकांच्या राहणीवर अवलंबून असतो : पाणी तापविण्याची साधने विजेची आहेत की गॅसची, वातानुकूलक किती घरांत आहेत, ते रात्री एकाच सुमारास लागतात काय, इत्यादी.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांनी हे गणित आणखी बदलले आहे. वरील इमारतीच्या वाहनतळात ७.४ किलोवॉटची दहा भरणयंत्रे बसविल्यास ७४ किलोवॉट, म्हणजे तिन्ही कलांवर सारख्या विभागणीने सुमारे १०७ अँपिअर, इतका भार वाढतो. इस्त्री वा मिक्सर काही मिनिटे चालतो. भरणयंत्र मात्र रात्री कित्येक तास पूर्ण शक्तीने चालते. म्हणून त्यास घरगुती भाराचा गुणक लावणे योग्य नाही. भाराच्या वर्गाची नोंद करताना त्याचा वेगळा वर्ग करून गुणक एक धरणे, किंवा भार नियंत्रित करणारी यंत्रणा असल्यास तिने घातलेली मर्यादा धरणे, हा सुरक्षित मार्ग होय.

केबल व दाबपात : केबलीची धारणक्षमता तिच्या निरोधनाला सोसवणाऱ्या तापमानावर ठरते. सभोवतालची हवा जितकी तापलेली तितका कमी प्रवाह तीतून नेता येतो. यूरोपीय तक्ते ३०° से. तापमानाच्या हवेसाठी असतात. पीव्हीसी निरोधनाच्या केबलीसाठी ४०° से. तापमानास ०.८७, ४५° से. तापमानास ०.७९ व ५०° से. तापमानास ०.७१ या गुणकाने ती क्षमता कमी करावी लागते. म्हणजे तक्त्यात १०० अँपिअरची म्हणून दिलेली केबल नागपूर वा चंद्रपूर येथील मे महिन्याच्या दुपारी ७९ अँपिअरचीच राहते, आणि गच्चीवर उन्हात टाकलेली असल्यास त्याहूनही कमी. एकाच ट्रेमध्ये अनेक केबली शेजारीशेजारी टाकल्यास आणखी घट धरावी लागते. ही घट आपोआप काढण्यास प्रतिमानात कोणती केबल कोणत्या ट्रेमधून जाते हे नोंदलेले असावे लागते. बऱ्याच आज्ञावलींत मंडल व ट्रे या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. ट्रे ही जागा व्यापणारी वस्तू आणि मंडल हा तर्कगत संबंध. दोघांना एकमेकांची ओळख नसते. परिणामी घटीचा आकडा माणसाला हाताने भरावा लागतो व घाईच्या कामात तो एक असाच राहून जातो.

लांबीबाबतही असेच आहे. फलक व जोडखोबण यांमधील अंतर आज्ञावली सोप्या मार्गाने मोजते. प्रत्यक्ष तार मात्र फलकातून छतापर्यंत चढते, मार्गिकेच्या कडेने वळणे घेत जाते व पुन्हा भिंतीतून खाली उतरते. २.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेवर १६ अँपिअर प्रवाह असता १८ मी. लांबीस सुमारे ४.३ व्होल्ट, तर ३० मी. लांबीस सुमारे ७.१ व्होल्ट दाबपात होतो. म्हणजे २३० व्होल्टच्या अनुक्रमे १.९% व ३.१%. प्रकाशयोजनेसाठी ३% व इतर उपयोगांसाठी ५% ही एकंदर दाबपाताची शिफारस केलेली मर्यादा रोहित्राकडील वा पुरवठ्याच्या आरंभबिंदूपासून मोजावयाची असते. शेवटच्या मंडलातच तिचा मोठा भाग खर्ची पडला, तर वरच्या मजल्यांवरील घरांना त्याची झळ लागते.

दोषप्रवाह व संरक्षण : ज्याला व्यवहारात शॉर्ट सर्किट म्हणतात, त्या मंडलसंक्षेपाच्या वेळी वाहणारा प्रवाह केवळ मार्गातील संरोधाने मर्यादित होतो. तो किती मोठा व किती लहान होऊ शकेल, ही दोन्ही टोके काढावी लागतात. मोठ्या टोकाला खंडकाला तो प्रवाह न फुटता तोडता आला पाहिजे; लहान टोकाला तो खंडकाला जाणवला पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानक आय.ई.सी. ६०९०९ मध्ये या गणनेची पद्धत दिलेली आहे.

वरील इमारतीला ५०० केव्हीए क्षमतेचे व ५% संरोधाचे रोहित्र आहे असे समजू. त्याचा पूर्णभार प्रवाह सुमारे ६६७ अँपिअर असून त्याच्या अग्रांवरच मंडलसंक्षेप झाल्यास सुमारे १३,३०० अँपिअर प्रवाह वाहील. तेथून २४० चौ. मिमी. ॲल्युमिनियमच्या ६० मी. केबलीने जोडलेल्या मीटर फलकाजवळ हे मूल्य सुमारे १०,००० अँपिअर होते. मीटर फलकावरून १० चौ. मिमी. तांब्याच्या ४० मी. तारेने पोहोचणाऱ्या वरच्या सदनिकेत कला व न्यूट्रल यांमधील दोषात ते १,४०० अँपिअरपर्यंत उतरते. म्हणून ६,००० अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचा घरगुती एम.सी.बी. सदनिकेत योग्य असला, तरी तोच मीटर फलकावर स्वतंत्रपणे बसविणे चुकीचे ठरते. दोन्ही ठिकाणी चिन्ह सारखेच असल्याने नकाशात ही चूक दिसत नाही. प्रतिमानात ती दिसू शकते, आणि प्रतिमान करण्याचा हा एक खरा लाभ आहे.

पुरवठा बंद असताना जनित्र संच चालू होतो तेव्हा चित्र पालटते. १२५ केव्हीए क्षमतेच्या जनित्राचा पूर्णभार प्रवाह १७४ अँपिअर असतो आणि दोषाच्या पहिल्या क्षणांनंतर असे जनित्र बहुधा त्याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे ५०० अँपिअरच्या आसपासच, प्रवाह देऊ शकते. रोहित्राच्या हिशेबाने २,५०० अँपिअरवर तात्काळ सुटण्यासाठी लावलेला खंडक अशा वेळी तात्काळ सुटत नाही. यासाठी प्रत्येक पुरवठास्थितीची गणना वेगळी करावी लागते. इमारतीच्या प्रतिमानाच्या अनेक आज्ञावलींमध्ये फलकाला एकच पालक फलक असू शकतो. झाडाची उपमा येथे तोकडी पडते, कारण रोहित्र, जनित्र व गच्चीवरील सौर घट अशी दोन-तीन मुळे असलेले झाड आज्ञावलीला मान्य नसते. व्यवहारात नेहमीचा पुरवठा प्रतिमानात दाखवितात व बाकीच्या स्थिती विश्लेषणाच्या आज्ञावलीत तपासतात.

भूसंपर्कनाचे गृहीत : भूसंपर्कन, म्हणजे व्यवहारातील अर्थिंग, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि प्रतिमानात सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी बाब होय. प्रकल्प उघडताना एका यादीतून तिचा प्रकार निवडावयाचा असतो व बहुतेक वेळा आधीच निवडलेला प्रकार तसाच राहू दिला जातो. या प्रकारांपैकी दोन येथे विचारात घेणे पुरेसे आहे. टीएन-एस या प्रकारात उपकरणाच्या आवरणापासून रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूपर्यंत स्वतंत्र धातूची संरक्षक तार सलग जाते. टीटी या प्रकारात रोहित्राचा न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीत पुरलेल्या विद्युत् अग्राला जोडलेला असतो आणि इमारतीतील उपकरणांची आवरणे इमारतीच्या स्वतःच्या विद्युत् अग्राला. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे जमीनच.

वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरात धुलाईयंत्राच्या धातूच्या आवरणाला आतील तार टेकली असे मानू. टीएन-एस प्रकारात दोषप्रवाहाच्या वाटेत केवळ तारा असतात. वर घेतलेल्या मापांनुसार, १.५ चौ. मिमी. संरक्षक तार धरून, एकंदर संरोध पाऊण ओहमच्या आसपास येतो व २५० ते ३०० अँपिअर प्रवाह वाहतो. ‘सी’ वर्गाचा १६ अँपिअरचा एम.सी.बी. १६० अँपिअरच्या पुढे तात्काळ सुटतो; म्हणजे अशा मंडलासाठी घालून दिलेल्या ०.४ सेकंदाच्या मर्यादेच्या कितीतरी आधी पुरवठा तुटतो. आज्ञावली त्या ओळीपुढे हिरवी खूण करते व ती योग्य असते.

हीच इमारत वस्तुतः टीटी प्रकारची असेल, इमारतीच्या विद्युत् अग्राचा रोध ५ ओहम व रोहित्राकडील अग्राचा १ ओहम असेल, तर प्रवाह २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर इतकाच होतो. १६ अँपिअरचा एम.सी.बी. एवढ्या प्रवाहाला काही सेकंदांपासून मिनिटभर वा त्याहूनही अधिक वेळ सोसतो. तोपर्यंत यंत्राच्या आवरणावर जमिनीच्या सापेक्ष सुमारे १९२ व्होल्ट दाब असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली व्यक्ती त्यास स्पर्श करील, तर तो स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. प्रतिमानातील हिरवी खूण मात्र जशीच्या तशी राहते. अशा ठिकाणी शेष प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. अनिवार्य ठरतो. ५ ओहम रोधातून ०.०३ अँपिअर वाहिल्यास निर्माण होणारा दाब ०.१५ व्होल्ट, म्हणजे नगण्य असतो. दोष याहून मोठा असल्यास आवरणावरील दाब वाढतो, पण तेव्हा ही प्रयुक्ती सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. वीज कंपनीकडून मिळणाऱ्या जोडणीत भूसंपर्कनाचे अग्र खरोखर दिलेले आहे काय, हे कागदावरून न ठरविता जागेवर जाऊन पाहणे व संपूर्ण दोषवाटेचा संरोध मोजणीयंत्राने मोजणे हाच यावरील उपाय होय. गृहीत अनिश्चित असल्यास टीटी प्रकार धरूनच अभिकल्प करावा, कारण त्या दिशेने झालेली चूक केवळ खर्च वाढविते.

प्रतिमानाला न दिसणाऱ्या गोष्टी : प्रतिमानात दोन तारांमधील जोड हा रोधहीन बिंदू असतो. प्रत्यक्षात इमारतीतील विद्युतीय आगींचे एक नेहमीचे कारण सैल जोड हे असते. सैल जोडातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असल्याने खंडकाला काहीच वावगे जाणवत नाही, उष्णता मात्र एका बिंदूवर साचत जाते. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील वाहनतळालगतच्या रोहित्रात त्या दिवशी सकाळी बिघाड होऊन किरकोळ आग लागली होती व त्याची दुरुस्ती करण्यात आली होती. दुरुस्तीत केबलीच्या टोकाचा जोड योग्य साधनाने दाबून बसविलेला नव्हता. तो जोड सैल होऊन ठिणग्या उडाल्या, केबल निखळली व रोहित्राच्या तेलाने पेट घेतला, असे पुढील चौकशीत व न्यायालयीन कामकाजात निष्पन्न झाले. त्या रोहित्राला दोष जाणवताच पुरवठा तोडणारी पुरेशी संरक्षक योजनाही नव्हती. यांपैकी दुसरी उणीव कोणतेही काळजीपूर्वक केलेले प्रतिमान उघड करू शकले असते. पहिली कोणत्याही प्रतिमानाला दिसली नसती. ती दिसण्यासाठी ठराविक काळाने अवरक्त छायाचित्रण करून तापलेले जोड शोधणे व ते पुन्हा आवळणे आवश्यक असते. अलीकडे या तपासण्यांच्या नोंदी प्रतिमानातील फलकाला जोडून ठेवण्याची पद्धत काही मोठ्या रुग्णालयांत व कारखान्यांत सुरू झाली आहे.

बांधकामानंतर : अभिकल्पाचे प्रतिमान आणि बांधून झालेली इमारत यांत फरक पडतोच. तुळई आड आल्याने ट्रे वळवावा लागतो, मागविलेल्या बनावटीचा खंडक न मिळाल्याने दुसरा बसतो, दुकानाचे उपाहारगृह होते. हे बदल नोंदवून ‘जसे बांधले तसे’ प्रतिमान तयार करण्याचे काम करारात स्पष्टपणे लिहिलेले नसेल तर कोणीच करीत नाही. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (२०१०, त्यांची जागा घेणारे विनियम २०२३) तपासणीच्या वेळी निरीक्षकापुढे एकरेषी आकृती ठेवली जाते. ती जुन्या प्रतिमानातून छापलेली असल्यास तिच्यातील खंडकांची मूल्ये व फलकावरील मूल्ये जुळत नाहीत.

मुंबई व पुणे येथील जुन्या चाळी व गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींसाठी प्रतिमान उलट्या दिशेने करावे लागते. मूळ नकाशे बहुधा उपलब्ध नसतात व भिंतीतील तारा कोणत्या वाटेने गेल्या आहेत हे ठाऊक नसते. अशा वेळी एकेक मंडल बंद करून कोणते दिवे विझतात ते पाहत फलकांची यादी केली जाते, तारांचा छेद व धातू तपासला जातो आणि मुख्य केबलीवर पकड-अँपिअरमापक लावून आठवडाभर प्रवाहाची नोंद घेतली जाते. या नोंदीतून मिळणारा मागणी गुणक पुस्तकातील कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो. ती नोंद उन्हाळ्यात घेतली की हिवाळ्यात, याचा उल्लेख प्रतिमानात आकड्याशेजारीच करून ठेवतात.